कुत्रा चाटतो तेव्हा त्याच्या बाकीच्या अंगाकडेही पाहावे

प्रति,
माननीय संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार विभाग

विषय : कुत्र्याचे चाटणे आणि त्याची देहबोली यांविषयीचे गैरसमज

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अलीकडेच घरातील मुले आणि पाळीव कुत्री यांच्या स्नेहाविषयी एक लेख आला होता. लेख वाचनीय होता, परंतु त्यासोबतच्या छायाचित्राविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. त्यात तीन-चार वर्षांच्या मुलीने कुत्र्याच्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आहे आणि कुत्रा तिचा गाल चाटत आहे. खालच्या ओळीत या चाटण्याला ‘पापी’ म्हटले आहे. त्याच छायाचित्रात कुत्र्याचे कान मागे डोक्याला चिकटलेले आहेत, डोळ्याच्या कडेला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो आहे, पुढचा एक पाय जमिनीवरून उचललेला आहे आणि जीभ मुलीच्या गालावर असली तरी अंगाचा सारा भार मागच्या पायांवर आहे. पशुवैद्यकीय सेवेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला त्यात लाड दिसत नाहीत. ‘आता मला सोडा’ अशी विनवणी दिसते. बहुतेक कुत्री सोशिक असतात आणि अशी विनवणी कुणी ऐकली नाही तरी निमूटपणे सहन करतात, म्हणूनच हा गैरसमज घरोघरी टिकून राहिला आहे.

कुत्र्याच्या चाटण्याला एकच एक अर्थ नसतो, हे समजण्यासाठी ते कोठून येते हे पाहावे लागते. कुत्री व्याली की प्रत्येक पिल्लावरचे आवरण ती चाटून काढते आणि त्या चाटण्यानेच पिल्लाचा श्वास चालू होण्यास मदत होते. पुढचे दोन-तीन आठवडे पिल्लांना स्वतःहून लघवी-शी करता येत नाही. आई पोटाखाली चाटते तेव्हाच ती होते. पिल्लांचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, त्यामुळे त्याआधीचे त्यांचे सगळे जग वास, ऊब आणि आईची जीभ एवढेच असते. लांडग्यांची पिल्ले थोडी मोठी झाली की शिकारीहून परतलेल्या मोठ्यांच्या तोंडाला तोंड लावून चाटतात आणि मग ते मोठे लांडगे पोटातले अर्धवट पचलेले मांस त्यांच्यापुढे ओकतात. आपल्या गावठी कुत्र्यांतही काही माद्या आपल्या पिल्लांसाठी असे करतात. अन्न मागण्याची ही रीत मोठेपणी अभिवादनाची रीत होते. रुडॉल्फ शेंकेल या प्राणिवर्तनतज्ज्ञाने १९६७ मध्ये लांडगे आणि कुत्रे यांच्या शरणागतीविषयी जे लिहिले, त्यात अंग खाली झुकवून, कान मागे पाडून, शेपूट खालच्या खाली हलवत दुसऱ्याचे तोंड चाटण्याचे वर्णन आहे. हे पाहायला जंगलात जाण्याची गरज नाही. पहाटे चहाच्या टपरीजवळ एखाद्या टोळीतले लहान कुत्रे मोठ्यापाशी कसे येते, ते पाहिले तरी पुरे. त्याच्याही पूर्वी, १८७२ मध्ये, चार्ल्स डार्विनने माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावना कशा व्यक्त होतात यावर लिहिताना कुत्र्याचे मालकाला चाटणे हे बहुधा आईने पिल्लाला चाटण्यातून आले असावे, असे म्हटले होते. त्याच लिखाणात त्याने चाल करून जाणारा कुत्रा आणि मालकापुढे लवणारा कुत्रा यांची वर्णने शेजारी शेजारी ठेवली, आणि एकाचा प्रत्येक अवयव दुसऱ्याच्या नेमका उलट कसा असतो ते दाखवले. देहबोली शिकण्याची सुरुवात आजही तेथूनच करावी असे मला वाटते.

माणूस घरी येताच कुत्रा हात चाटतो, ते बहुतेक वेळा अभिवादनच असते. हाताला घामाचा खारटपणा असतो, जेवणाचा वास असतो, आणि चाटले की माणूस हसतो, बोलतो, डोके खाजवतो हेही कुत्र्याने ओळखलेले असते. या चाटण्यात कुत्र्याचे अंग सैल असते, कंबरेपासून शेपटापर्यंतचा भाग डुलतो, तोंड किंचित उघडे असते आणि डोळे मिचमिचे असतात. त्याविषयी फारसे सांगण्यासारखे काही नाही.

सांगण्यासारखे आहे ते दुसऱ्या प्रकाराविषयी. दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर उभा केलेला कुत्रा डॉक्टरचा हात चाटू लागला की मालक कौतुकाने म्हणतात, ‘बघा, तुम्हाला ओळखतो तो.’ त्या वेळी त्या कुत्र्याची पाठ कमानीसारखी वाकलेली असते, शेपूट पायांत गेलेले असते, टेबलावर पंजांचे ओले ठसे उमटलेले असतात, आणि डॉक्टरच्या हातात सुई असते. ते चाटणे मनधरणीचे असते. त्याच वेळी आणखी एक हालचाल दिसते आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. समोर खाणे नसताना जीभ क्षणभर बाहेर येते, नाकाच्या शेंड्यापर्यंत जाते आणि आत जाते. नॉर्वेच्या श्वानप्रशिक्षक तूरिद रूगास यांनी ओठ चाटणे, जांभई देणे, तोंड फिरवणे, जमीन हुंगत बसणे अशा हालचालींना शांततेचे संकेत म्हटले आणि त्यांकडे पाहण्याची सवय अनेक प्रशिक्षकांना लावली. त्यांच्या प्रत्येक विधानाला प्रयोगाचा आधार आहे असे नाही. पण ब्राझील आणि ब्रिटनमधील संशोधकांनी २०१७-१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुत्र्यांना माणसांचे आणि कुत्र्यांचे हसरे व रागीट चेहरे पडद्यावर दाखवले, तेव्हा माणसाचा रागीट चेहरा पाहताना ती तोंड अधिक चाटत असल्याचे आढळले. केवळ रागाचा आवाज ऐकवल्याने तसे झाले नाही. म्हणजे हा संकेत आपल्या चेहऱ्याकडे पाहून दिला जातो, आणि नेमके आपणच तो वाचत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत यातून धोका निर्माण होतो. मूल कुत्र्याच्या तोंडाशी तोंड नेते, कुत्र्याला मागे सरकायला जागा नसते, मग तो मुलाचे तोंड भराभर चाटतो; मूल खिदळत मागे होते आणि कुत्र्याची सुटका होते. अशा चाटण्याचा हेतू मुलाला दूर करण्याचा असतो. पालक मात्र त्याला प्रेम समजून मुलाला पुन्हा पुढे करतात आणि मोबाइल काढतात. चाटून उपयोग होत नाही हे कळलेला कुत्रा पुढच्या पायरीवर जातो. तो ताठ होतो, मग गुरगुरतो, मग ओठ वर करून दात दाखवतो, मग हवेत चावा घेतो आणि अखेर अंगाचा चावा घेतो. ब्रिटनमधील लिंकन विद्यापीठात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना कुत्र्यांच्या चित्रफिती दाखवून जो अभ्यास झाला, त्यात दात विचकणारा कुत्रा हसतो आहे, आनंदी आहे, असे सांगणारी मुले बरीच निघाली. मुलांना दात दिसले की हसू दिसते. त्यांची उंचीही अशी असते की चावा हाता-पायापेक्षा तोंडाला, डोक्याला आणि मानेला बसण्याची शक्यता मोठ्यांच्या मानाने जास्त असते, आणि त्या ठिकाणचा चावा रेबीजच्या दृष्टीने अधिक घातक असतो.

शेपटाविषयीचा गैरसमज तर म्हणींइतका जुना आहे. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, हे अर्धेच खरे आहे. शेपूट हलते तेव्हा कुत्रा उत्तेजित असतो एवढेच खात्रीने म्हणता येते. सैल अंगासह रुंद, डुलणारे शेपूट आणि ताठ अंगासह उंच, बारीक थरथरणारे शेपूट यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले की मालक दिसला की कुत्र्याचे शेपूट त्याच्या उजव्या बाजूला अधिक झुकते, आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. मेंदूच्या दोन भागांची कामे वेगळी असल्याचा तो सुंदर पुरावा आहे, पण सोसायटीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. तेवढा फरक नुसत्या डोळ्याला कळत नाही. त्यापेक्षा त्या कुत्र्याचे शेपूट एरवी कसे असते हे माहीत असणे महत्त्वाचे. गावठी कुत्र्याचे शेपूट मुळातच पाठीवर वळलेले असते, त्यामुळे ते वर आहे याचा अर्थ तो माजला आहे असा होत नाही. आपल्याकडच्या कारवान जातीच्या शिकारी कुत्र्याचे लांब, बारीक शेपूट खाली लोंबलेले असते, म्हणून तो घाबरला आहे असेही नव्हे. शेपूट छाटलेल्या डॉबरमनची तर अर्धी भाषाच माणसाने कापून टाकलेली असते, आणि पगच्या सुरकुतलेल्या तोंडावरून काही ताडणे इतर कुत्र्यांनाही जड जाते. मानेवरचे केस उभे राहणे हेही रागाइतकेच भीतीचे किंवा नुसत्या उत्सुकतेचे असू शकते. कोणताही एक अवयव सुटा वाचू नये.

गुरगुरण्याबद्दल मला थोडे अधिक स्पष्ट बोलायचे आहे. घरातला कुत्रा मुलावर गुरगुरला की त्याच्या पाठीत चपराक बसते, आणि काही प्रशिक्षक म्हणवणारेही ‘त्याला त्याची जागा दाखवा’ असा सल्ला देतात. माराने कुत्र्याची भीती जात नाही, फक्त गुरगुरणे जाते. असा कुत्रा पुढच्या वेळी गुरगुरण्याची पायरी गाळून थेट चावतो, आणि मग घरचे सांगतात की त्याने काहीही सूचना दिली नव्हती. सूचना देण्याबद्दल त्याला मार मिळाला होता, हे ते सांगत नाहीत. गुरगुरणारा कुत्रा घरात असेल तर मुलाला शांतपणे बाजूला घ्यावे, कुत्रा काय राखतो आहे ते पाहावे (ताट, हाड, पिल्ले, झोपायची जागा किंवा दुखणारा एखादा अवयव) आणि पशुवैद्यकाला दाखवावे. म्हातारपणी चिडका झालेला कुत्रा पुष्कळदा सांधेदुखीने किंवा दातदुखीने बेजार असतो. ‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ ही म्हण माणसांना लावायला ठीक आहे. भुंकणारी कुत्री मी चावताना पाहिली आहेत.

‘त्याला चूक कळते’ या समजुतीचेही असेच आहे. चप्पल कुरतडल्यावर कुत्रा कान पाडतो, नजर चोरतो, ओठ चाटतो आणि पोट वर करून पडतो. न्यूयॉर्कमधील संशोधिका अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला की नाही याविषयी काही मालकांना मुद्दाम चुकीचे सांगण्यात आले. अपराधी वाटणारा चेहरा दिसला तो मालक रागावला तेव्हा, कुत्र्याने खाऊ खाल्ला होता तेव्हा नव्हे. उलट निर्दोष असताना ज्यांना मालक रागे भरले, ती कुत्री जास्तच अपराधी दिसली. आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो ती आपल्या आवाजाची आणि चेहऱ्याची भीती असते. पोट दाखवून पडलेल्या कुत्र्याबाबतही हाच विवेक हवा. अंग सैल, तोंड उघडे आणि शेपूट इकडेतिकडे असेल तर त्याला पोट खाजवून हवे असते. पण अंग ताठ, शेपूट पोटाशी आणि तोंड मिटलेले असेल, एखाद वेळी लघवीही सुटलेली असेल, तर तेथे हात घालू नये.

हा विषय केवळ हौशी श्वानपालकांचा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी आपला आधीचा आदेश बदलताना असे म्हटले की निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली भटकी कुत्री पकडलेल्या भागातच परत सोडावीत. मात्र रेबीज झालेली, तशी शंका असलेली किंवा आक्रमक वर्तनाची कुत्री सोडू नयेत. आक्रमक कोणाला म्हणायचे, हा प्रश्न त्यातून गल्लीत येऊन पोहोचतो. पिल्ले असलेली, कोपऱ्यात कोंडली गेल्याने भुंकणारी मादी आणि रस्त्यावरच्या दुचाकीमागे सवयीने धावणारा नर या दोघांना एकाच माळेत ओवले, तर पकडणाऱ्यांचे काम वाढेल आणि धोका कमी होणार नाही. श्वानप्रेमी आणि श्वानविरोधक यांची पत्रे आपल्या स्तंभात नित्य येतात, दोन्ही बाजूंची तळमळ खरी असते, परंतु दोन्हीकडे कुत्र्याला पाहण्याचा अभ्यास कमी आणि त्याच्याविषयीचे मत पक्के असते. पालिकेच्या श्वानपथकातील कर्मचाऱ्यांना, सोसायट्यांच्या सुरक्षारक्षकांना आणि रोज खाणे घालणाऱ्यांना एकत्र बसवून अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक देणे पशुसंवर्धन विभागाला मुळीच अवघड नाही.

चाटण्याच्या विषयात आरोग्याची एक बाब आहे आणि ती मला सर्वांत तातडीची वाटते. चावा घेतला नाही, फक्त चाटले, म्हणून अनेकजण दवाखान्यात जात नाहीत. रेबीजचा विषाणू लाळेत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार धडधाकट त्वचेवर कुत्र्याने चाटले तर तो पहिला गट, त्यात ती जागा धुतली की लस लागत नाही. परंतु जखमेवर किंवा खरचटलेल्या जागी चाटले, अथवा लाळ डोळ्यांत, ओठांवर किंवा तोंडाच्या आत लागली, तर तो थेट तिसरा गट होतो, म्हणजे रक्त काढणाऱ्या चाव्याच्याच बरोबरीचा, आणि त्यात लसीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते. गुडघा फुटलेले मूल अंगणात बसलेले असते आणि कुत्रा ती जखम चाटत असतो, तेव्हा त्याच्या लाळेने जखम भरून येते असे सांगणारी वडीलधारी माणसे खेड्यांत आजही भेटतात. हा समज जिवावर बेतणारा आहे. जागा लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरचीपूड यांपैकी काहीही लावू नये. आणि त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जावे, जेथे ही लस विनामूल्य मिळते. कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण त्यासाठी लस लांबवू नये. लक्षणे दिसू लागण्याच्या काही दिवस आधीपासूनच विषाणू लाळेत उतरलेला असतो, त्यामुळे कुत्रा आज ठणठणीत दिसतो यावर विसंबता येत नाही. येथेही देहबोली उपयोगी पडते. पिसाळलेला कुत्रा नेहमी सैरावैरा धावतोच असे नाही. रेबीजच्या दुसऱ्या प्रकारात तो अंधाऱ्या कोपऱ्यात मुकाट पडून राहतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, आणि घशात हाड अडकले असावे असे वाटून घरचा माणूस त्याच्या तोंडात हात घालतो.

ज्यांचा प्लीहा काढलेला आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली आहे, त्यांनी निरोगी, लस दिलेल्या कुत्र्यालाही तोंड व जखमा चाटू देऊ नयेत, कारण कुत्र्याच्या तोंडात नेहमी असणारे काही जिवाणू अशा माणसांत गंभीर संसर्ग करतात. आणि कुत्रा माणसाला सोडून स्वतःचाच एखादा पंजा सतत चाटत असेल, तर ती सवय म्हणून सोडून देऊ नये. बोटांच्या बेचक्यात गोचीड, पिसवा, ॲलर्जी, रुतलेले कुसळ किंवा सांध्याचे दुखणे यांपैकी काहीतरी बहुधा सापडते. फरशी, भिंत, सोफा तासन्‌तास चाटणाऱ्या कुत्र्यांत पोटाचे विकार आढळल्याची नोंद कॅनडातील पशुवैद्यकांनी केली आहे, तेव्हा त्यालाही वेडा ठरवण्याआधी पोट तपासून घ्यावे.

संपादक महोदय, कुत्रा चावल्याच्या बातम्या आपण देता आणि त्या द्यायलाच हव्यात. त्या बातम्यांत मुलाचे वय असते, टाक्यांची संख्या असते, पालिकेविषयीचा संतापही असतो. मात्र चावण्याआधी कुत्रा काय करत होता आणि त्याच्याभोवती काय चालले होते हे बहुधा नसते. तो खात होता का, साखळीला बांधलेला होता का, मादीजवळ पिल्ले होती का, तो आधी गुरगुरला किंवा दूर गेला होता का, त्याला लस दिलेली होती का, आणि तो आता कोठे आहे व त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार आहे, एवढे प्रश्न आपल्या वार्ताहरांनी विचारले तर त्या बातमीतून शेजारच्या गल्लीतल्या पालकांना काहीतरी हाती लागेल. तसेच मुले आणि कुत्री यांची छायाचित्रे पुरवणीत घेण्यापूर्वी ती एखाद्या पशुवैद्यकाला दाखवावीत, अशी विनंती आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले दिवसभर अंगणात आणि रस्त्यावर असतात, तेव्हा त्याआधीच्या आठवड्यात सैल कुत्रा आणि ताठ कुत्रा यांची दोन रेखाचित्रे बालपुरवणीत छापता आली तर मजकूर आणि चित्रांची तपासणी मी आनंदाने, विनामोबदला करून देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी
सातारा